नबोचा दगड

राखेचा बुधवार उलटला की नागपूरचं ऊन आपली चाल बदलतं. आदल्या आठवड्यापर्यंत ते गॅलरीत आपल्याशेजारी येऊन बसतं, आणि नंतर आपल्यालाच आत हाकलतं. आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ नेमका याच दिवसांत येतो. मागच्या आठवड्यात मुलाने बेसाच्या आमच्या फ्लॅटमध्ये कूलर लावला. नव्या ताटीवर पहिलं पाणी पडलं, वाळ्याचा ओला वास घरभर झाला, आणि मला डोंगर आठवले.

वाळ्याच्या वासाने कोणाला आजोळ आठवतं, कोणाला आंबे. मला मोरिया, सीनाय, होरेब आणि ताबोर आठवतात. आमच्या संडे स्कूलच्या खोलीला उन्हाळ्यात खसची ताटी लागायची आणि तिच्या गार अंधारात आम्ही शास्त्र परीक्षेचा, म्हणजे बायबलच्या परीक्षेचा, अभ्यास करायचो. बाहेर कडुनिंबाचा मोहोर गळत असायचा आणि आत आम्ही घोकत असायचो, अब्राहाम कोणत्या डोंगरावर गेला, एलीया कोणत्या डोंगरावर लपला, प्रभूचं रूप कोणत्या डोंगरावर पालटलं. सगळी परीक्षा डोंगरांनी भरलेली, आणि ती देणारी पोरं नागपूरची. आमच्या शहरात रस्त्याला जरासा चढ लागला की लोक त्याला टेकडी म्हणतात आणि वर देव बसवतात. खरा डोंगर आमच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता.

त्या वेळच्या आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी यावर एक तोड काढली. काटोल रस्त्याला, जिथे तेव्हा शहर संपत असे, तिथे काळ्या दगडांची एक टेकडी आहे. ईस्टरच्या पहाटे आमची मंडळी उपासनेला तिथेच जाते, आजही. पाळकसाहेब उपवासकाळातल्या रविवारी आम्हा पोरांना तिथे न्यायचे आणि एकेका दगडाला एकेका डोंगराचं नाव द्यायचे. पायथ्याशी बोरीचं झुडूप होतं, त्याच्या शेजारचा दगड मोरिया, कारण अब्राहामाला मुलाच्या, इसहाकाच्या ऐवजी बळी द्यायला जो एडका मिळाला तो झुडपात अडकलेला होता. आमच्या चड्ड्याही तिथेच अडकायच्या. पुढे दोन चपट्या शिळा उभ्या होत्या, त्या सीनाय, दहा आज्ञांच्या पाट्या. त्यांच्या वर एक फट होती, वारा सुटला की ती घुमायची, ती एलीया लपला ती होरेबची गुहा. खूप जण सीनाय आणि होरेब एकच मानतात हे पाळकसाहेबांना ठाऊक होतं, पण आमच्याकडे दगड भरपूर होते. माथ्यावर तीन पळस, म्हणून तो ताबोर. प्रभूचं रूप पालटलेलं बघून एका शिष्याला तिथे तीन मांडव घालायची घाई झाली होती ना. पळस त्या दिवसांत फुललेले असायचे, आणि रूप पालटणं म्हणजे काय हे आम्हाला वेगळं समजवावं लागत नसे.

प्रभूला क्रुसावर दिलं त्या कालवरीला मात्र त्यांनी दगड दिला नाही. आम्ही गाण्यांत तिला डोंगर म्हणतो, शास्त्रात ती नुसती एक जागा आहे, असं ते म्हणायचे. प्रत्येक गोष्ट उंचावर ठेवायची सवय चांगली नाही, हेही म्हणायचे.

शाळेत आम्हाला गणित शिकवायला रिबेकाबाई होत्या. कोकणातल्या बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू. नवरा रेल्वेत, घर सदरला. शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटत नसे, आणि रविवारी आम्ही टेकडीवरून आलो की त्या गॅलरीतून विचारायच्या, "आज कोणता चढलात रे?" सीनाय म्हटलं की त्या हसायच्या. त्यांच्या लोकांत एक गोष्ट सांगतात. देवाने नियमशास्त्र द्यायचं ठरवलं तेव्हा सगळे डोंगर भांडायला लागले, माझ्यावर दे, माझ्यावर दे. सीनाय सगळ्यांत ठेंगणा, तो काही बोलला नाही. देवाने त्यालाच निवडलं. बाई पुढे मुलाबरोबर यरुशलेमच्या देशात गेल्या. निघताना म्हणाल्या होत्या, "आमच्यात तिकडे जाते असं म्हणत नाहीत, वर चढते म्हणतात." त्यांची ती ठेंगण्या सीनायची गोष्ट मी पुढे संडे स्कूलमध्ये शिकवताना कितीतरी वेळा मुलांना सांगितली. सांगताना एक गोष्ट सोयीने विसरत आलो. सीनाय गप्प बसला तो आपला आपण. त्याला कोणी गप्प बसवलं नव्हतं.

आज हे लिहायला बसलो आहे त्याला कारण मोरिया नाही आणि सीनायही नाही. कारण नबो आहे. टेकडीच्या मध्यावर, चढ अवघड होतो तिथे, एक बसका रुंद दगड आहे. त्याच्यावर दरवर्षी चुन्याने नबो असं लिहितात. हे नाव पाळकसाहेबांनी दिलेलं नाही, माझ्यामुळे पडलं.

आमच्या चर्चमध्ये एक पद्धत होती, अजून आहे. शास्त्र परीक्षेत जो पहिला येईल त्याने ईस्टरच्या पहाटे माथ्यावर उभं राहून पुनरुत्थानाचा उतारा, पहाटे बाया प्रभूच्या कबरीपाशी जातात तो, वाचायचा. पूर्वेला तांबडं फुटतं, सगळे माना वर करून उभे असतात, आणि एक पोरगं वाचतं. आमच्या लहानपणी यापेक्षा मोठा मान नव्हता.

त्या वर्षी योहान पहिला आला. मी दुसरा. योहान माझा मित्र, आमच्याच गल्लीतला. पोलिओने त्याचा डावा पाय गेलेला होता. पायाला लोखंडी कॅलिपर आणि काखेत कुबडी. डोकं मात्र असं की पाळकसाहेबही त्याला विचारून खात्री करून घ्यायचे. मला वाटायचं, या वर्षी तरी मी. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी निकाल लागला, आणि सगळ्यांच्या हातात हिरव्या झावळ्या असताना मी माझी झावळी मागे पाठीशी धरून चुरगाळत होतो.

पाळकसाहेबांनी सगळी व्यवस्था केली. ईस्टरला वेताची एक खुर्ची आदल्या संध्याकाळीच माथ्यावर नेऊन ठेवली. मी योहानला सायकलच्या कॅरिअरवर बसवून पायथ्यापर्यंत आणायचं. त्याने कुबडीवर त्या रुंद दगडापर्यंत यायचं, तेवढं त्याला जमत असे. मी वर जाऊन सांगायचं, की दोन तगडे जण खुर्ची घेऊन खाली येतील.

दगडापर्यंत आम्ही आलो. योहानने कपाळ पुसलं, खिशातला कंगवा काढला, केस नीट केले. "जाय, सांग त्याइले," म्हणाला. खालून मोहाच्या फुलांचा जड वास येत होता. मी वर निघालो. चढून जाईपर्यंत माझ्या मनात काहीही नव्हतं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण ते खरं नाही.

माथ्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "योहान?"

मी म्हणालो, "तो खालीच थांबतो म्हणाला. मोशेसारखा इथूनच बघीन म्हणाला. मी वाचू का?"

नुसतं खोटं पुरलं असतं. मोशे मी शोभेसाठी घातला, आणि त्या शोभेनेच सगळं केलं. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथल्या तिथे मंडळीला मोशेची गोष्ट सांगितली. वचनदत्त देश समोर दिसत असताना तो नबो डोंगरावर थांबला, आणि आपला हा मुलगा बघा. मग मी वाचलं. आवाज छान लागला होता.

खाली उतरलो तेव्हा बायांनी योहानच्या तोंडावरून हात फिरवले. कोणीतरी त्याच्या हातात संत्रं दिलं. पाळकसाहेबांनी त्याला पोटाशी धरलं. योहानने त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. घरी परतताना तो कॅरिअरवरून एवढंच म्हणाला, "मांगच्या चाकात हवा कमी हाय का गा?"

पुढच्या ईस्टरला लोकांनी त्याला आपणहून त्या दगडावर बसवलं. तिथे चहा नेऊन दिला. खुर्ची चर्चच्या मागच्या खोलीत पडून राहिली. इतक्या नम्र मुलाला वर चल म्हणून मोहात पाडणं कोणाला बरं वाटेना. दगडाला नाव पडलं. त्यावर प्रवचनं झाली. माणसाने आपली पायरी ओळखावी, हे सांगायला प्रत्येक नव्या पाळकसाहेबांना योहान सापडत गेला. प्रवचन चालू असताना तो कधी चर्चमध्ये असायचा, कधी नसायचा. नोकरी लागून तो कामठीला गेला, कचेरीत टायपिस्ट झाला, लग्न झालं, तिकडच्याच चर्चला जाऊ लागला. टेकडीवर यायचा बंद झाला. लोक म्हणाले, प्रसिद्धी नको वाटते त्याला.

यंदा चर्चच्या कमिटीने त्या दगडावर संगमरवराची पाटी लावायचं ठरवलं आहे. कमिटीचा सेक्रेटरी अमोल, माझ्या मुलाच्या वयाचा, कूलर लावला त्याच दिवशी त्याचा फोन आला. "अंकल, पाटी तयार झाली. योहान अंकलने स्वेच्छेने इथे थांबून नम्रतेचा आदर्श घालून दिला, असं लिहिलं आहे. छान दिसून राहिली. तुम्ही त्या दिवशी होते ना तिथं? स्मरणिकेसाठी आठवण लिहून द्या. इमोशनल लिहा थोडं."

मी म्हणालो, "पाटी लावू नका. आधी मी लिहितो, मग बघा."

"काहून, काही स्पेलिंग चुकलं का?"

"स्पेलिंग बरोबर आहे. बाकीचं चुकलं आहे."

या वयात माणसाला वाटतं की आता कशाला उकरायचं. मलाही वाटलं. दोन दिवस मी कूलरसमोर बसून राहिलो आणि शास्त्रात तो भाग पुन्हा वाचला. इतकी वर्षं मुलांना शिकवला, तरी जसा लिहिला आहे तसा वाचला नव्हता. मोशे नबोवर खुशीने थांबलेला नाही. त्याने देवाला विनवलं होतं, मला पलीकडे जाऊ दे, तो चांगला देश बघू दे. देवाने त्याला सांगितलं की आता पुरे, हा विषय पुन्हा काढू नकोस. म्हणजे तिथेही एक माणूस जायला निघालेला होता आणि त्याला अडवलं गेलं. फरक इतकाच की मोशेला अडवायला कारण होतं, खडकातून पाणी काढताना त्याच्या हातून चूक झाली होती. योहानच्या हातून काहीच झालं नव्हतं. तो फक्त पहिला आला होता. आणि अडवणारा देव नव्हता, मी होतो.

डोंगरांबद्दल मी जन्मभर एकच बाजू शिकवली. वर चढलं की देव जवळ येतो. पण शास्त्रातले डोंगर नीट बघितले तर प्रत्येकाच्या पायथ्याशी कोणीतरी ठेवलेलं आहे. मोरियाच्या खाली गाढवापाशी दोन चाकर थांबले आहेत. सीनायच्या खाली सगळे लोक आहेत आणि पर्वताला हात लावायचा नाही म्हणून हद्द आखली आहे. रूप पालटलं त्या डोंगराच्या खाली एक बाप आपला आजारी मुलगा घेऊन उभा आहे, आणि वरून उतरल्या उतरल्या प्रभूला तोच आधी भेटतो. वर काय झालं ते आम्ही पाठ केलं. खाली थांबलेल्यांना काय वाटलं यावर शास्त्र परीक्षेत कधी प्रश्न आला नाही. परीक्षक बहुतेक वेळा मीच होतो.

मी शेअर ऑटोने कामठीला गेलो. योहानच्या गल्लीत विणकरांच्या मागांची खटखट अजून आहे, पूर्वीपेक्षा कमी. त्याची मुलगी रूथ दार उघडून आत ओरडली, "बाबा, शांतवन काका आले."

योहान खाटेवर बसून संत्रं सोलत होता. कॅलिपर भिंतीला टेकवलेलं. "सलाम. काहून गा शांत्या, रस्ता चुकला का आज?"

"सलाम. चुकलो नाही, मुद्दाम आलो. एक सांगायचं हाय."

"कोणी मेलं का?"

"नाही."

"मंग बस आधी. पाणी पे. रूथ, काकाले पाणी दे वं. ऊन लागलं दिसते त्याले."

पाणी प्यायलो आणि सरळ सांगितलं. त्या पहाटे मी वर खोटं बोललो, खुर्ची मागितलीच नाही. योहान संत्र्याचे दोरे काढत होता. एकेक दोरा तो वाटीच्या काठावर ठेवत होता.

"माहीत हाय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तवापासूनच. वरचा आवाज खाली येते ना गा. तू वाचून राहिला होता, मी ऐकून राहिलो होतो. एक वचन गाळलं तू."

"कोणतं?"

"त्या बाया रस्त्यानं जाता जाता एकमेकीले इचारतात, कबरीच्या तोंडावरची धोंड कोण लोटीन म्हणून. ते. तू डायरेक्ट कबरीत घुसला. मी खाली बसून म्हटलं, मंग धोंड लोटली कोणं?"

रूथ दारात हसली. योहानही हसला. मला हसता आलं नाही.

"मंग बोलला काहून नाही?"

"कोणाले बोलतो? वर माहंच प्रवचन चालू होतं. लोक खाली आले तं कोणाच्या डोळ्यात पाणी, कोणाच्या हातात संत्रं." हातातल्या फोडीकडे त्याने बघितलं. "एक सांगू? एकदा माणसाले नम्र म्हटलं का मंग त्याले तक्रार करता येत नाही. तक्रार केली का तो नम्र राहत नाही. मले नम्र व्हाचंच नव्हतं शांत्या. मले वाचाचं होतं. लय दिवस पाठ करून ठेवलं होतं मी."

मागांची खटखट तेवढ्यापुरती थांबली होती, की मलाच ती ऐकू येत नव्हती.

"आन मोशेले कायले मधात आणलं तू? मोशे कुठं खाली बसला होता? नबोच्या शेंड्यावर चढला तो. म्हातारपणी, आपल्या पायानं. मले तं तुम्ही अर्ध्यात बसवलं आन त्याले नबो म्हणता. फर्स्ट आला असता तं तुले माहीत असतं."

मी त्याला पाटीचं सांगितलं. काय कोरलं आहे तेही. स्वेच्छेने हा शब्द त्याने दोनदा म्हणून बघितला.

"दगड चांगला हाय का?"

"संगमरवर हाय."

"मंग फेकू नका. उलटी टाका, तिथं चढाची जागा खराब हाय, पायरी होईन."

मी विचारलं, "या ईस्टरले येशील? खुर्ची मी काढून ठेवली. चार पोरं तयार हायेत. वर तू वाचाचं."

मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. आता काय करायचं आहे म्हणेल, झालं ते झालं म्हणेल, आणि मी त्याच्या मोठ्या मनाबद्दल मनातल्या मनात आणखी एक प्रवचन रचून परत येईन. इतक्या वर्षांची सवय.

"येतो ना," योहान म्हणाला. "काहून नाही येणार? मी काय नम्र हाय?" मग रूथकडे वळून म्हणाला, "माहा पांढरा शर्ट पाहाय वं. आन शांत्या, तू वर येऊ नको."

"काहून?"

"त्या दगडावर बस. वरून कसं ऐकू येते ते पाहाय. मी एखादं वचन गाळलं तं सांगजो."

अर्धं संत्रं त्याने माझ्यापुढे केलं. माफ केलं असं तो म्हणाला नाही, मीही विचारलं नाही. ते विचारायचं म्हणजे त्याला पुन्हा मोठेपणा घ्यायला लावायचं.

परत आल्यावर मी कमिटीपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. एक जण म्हणाले की इतकी चांगली विश्वासाची साक्ष कशाला मोडायची, लहान मुलांना त्यातून शिकायला मिळतं. मी म्हणालो, मुलांना काय शिकायला मिळतं ते मला पक्कं माहीत आहे, मीच शिकवलं आहे. अमोलने तिथूनच मिस्त्रीला फोन लावून पाटी थांबवली. यंदा परीक्षेत पहिली आलेली मुलगी आहे, तिचा मान जाऊ नये म्हणून मी तिच्याही घरी गेलो. ती म्हणाली, "आजोबांना वाचू द्या आधी. त्यांच्यानंतर मी स्तोत्र वाचीन." मग विचारलं, "तुम्ही एवढे दिवस काय केलं?" तिच्या आईने तिला दटावलं. मी म्हणालो, दटावू नका. प्रश्न बरोबर आहे.

काल सकाळी टेकडीवर जाऊन आलो. शहर तिच्या पलीकडे केव्हाच निघून गेलं आहे, पायथ्याशी चहाच्या टपऱ्या आणि फ्लॅट. बोरीचं झुडूप नाही. सीनायची एक शिळा पडली आहे. होरेबची फट आहे, पण गाड्यांच्या आवाजात ती घुमते की नाही हे कळत नाही. माझे गुडघे त्या रुंद दगडापर्यंतच साथ देतात. मी बाटलीतलं पाणी ओतून, नारळाच्या काथ्याने घासून त्याच्यावरचा चुना काढला. वर्षानुवर्षांचे थर होते, सगळा निघाला नाही. मग त्याच्यावर बसून पाहिलं. तिथून माथा दिसतो, तीनपैकी एक पळस दिसतो, फुललेला. वर कोणी दोन पोरं गप्पा मारत होती आणि त्यांचा शब्दन् शब्द खाली येत होता.

ही स्मरणिका ईस्टरच्या पहाटे तुमच्या हातात पडेल. चढताना मी तुम्हाला त्या दगडावर बसलेला दिसेन. माझ्यासाठी थांबू नका, चहा आणू नका. मी तिथे स्वेच्छेने बसलेलो नसेन, मला योहानने बसवलेलं असेल. तुम्ही वर जा, त्याची खुर्ची पूर्वेकडे तोंड करून ठेवा, आणि तो वाचायला लागला की कोणी खोकू नका. खाली मला ते धोंडीचं वचन ऐकायचं आहे.